हिवरटाकळीचा काळा कंस

तुमच्या गावाचं शेड कधी दुसऱ्या गावानं पळवलंय का? नाही ना? मग झुंबरबाई घोंगडे यांना "जाऊ द्या हो, कशाला एवढं तापायचं" असं सांगायचा तुम्हाला काय हक्क?

शेड म्हणजे गुरांचं नव्हे. एसटीची वाट बघत बसायचं शेड. वर पत्रा, खाली सिमेंटचा बाक आणि पाठीमागच्या भिंतीवर कुणाच्या तरी प्रेमाची जाहीर बातमी. असं शेड हिवरटाकळीला मंजूर झालं होतं. शेड आणि थांबा, दोन्ही. अंबडहून शहागडकडं निघालं की ज्या फाट्यावर बस थांबत नाही, ती ही हिवरटाकळी. फाट्यावरची माणसं हात करतात, ड्रायव्हरही हसून हात करतो, आणि बस पुढं निघून जाते. थांबाच नाही तर तो बिचारा थांबणार कशाला?

पण जिल्ह्यात हिवरटाकळ्या दोन. दुसरी पार वरच्या टोकाला, जाफराबादच्या बाजूला. मंजुरीत नुसतं 'हिवरटाकळी' एवढंच. ट्रकवाल्यानं खांब, पत्रे आणि थांब्याची पाटी जी हिवरटाकळी आधी सापडली तिथं उतरवली, पावतीवर सही घेतली आणि गेला. चूक कोणाची, हे विचारायला झुंबरबाई जितक्या कार्यालयांत गेल्या तितक्या कार्यालयांनी समोरच्या इमारतीकडं बोट दाखवलं. शेवटची इमारत निघाली रसवंतीची.

मग झुंबरबाई स्वतःच गेल्या बघायला. दोन एसट्या बदलून, शेवटी काळीपिवळी जीपच्या मागच्या पायरीवर लटकून. बघतात तर काय, नवंकोरं शेड, आणि त्यात सर्जेराव शेळके. त्या गावचे माजी सरपंच. मांडीवर टॉवेल पसरून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले.

"या आक्का, बसा," सर्जेराव म्हणाले. "लई गार सावली हाय."

"ही सावली आमची हाय."

"असंल की. मंग तुमच्या वाटणीची घ्या बसून."

झुंबरबाई बसल्या नाहीत. परतीची जीप येईपर्यंत शेडाच्या बरोबर समोर, भर उन्हात उभ्या राहिल्या. जीपनंही त्या दिवशी काय सूड उगवला, येता येईना. सर्जेरावांच्या शेंगा संपल्या, एक डुलकी झाली, तरी बाई उभ्याच. तेव्हापासून दोघांचं पटत नाही असं म्हणणं म्हणजे फारच सौम्य बोलणं झालं.

त्या दिवशी घरी येऊन झुंबरबाईंनी एक निर्णय घेतला. यापुढं गावाचं नाव उघडंबोडकं लिहायचं नाही. लिहायचं 'हिवरटाकळी (आमची)'. कंसासकट. आधी त्यांच्या पिठाच्या गिरणीची पाटी बदलली. मग पुतण्याच्या लग्नाची पत्रिका. मग गणपती मंडळाची पावती. पोरांच्या शाळेच्या कबड्डी संघाच्या बनियनवर पाठीमागं जागा पुरेना, तर 'आमची' हे दंडावर छापून घेतलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, कंस कशाला, नुसतं 'आमची' लिव्हतो." झुंबरबाई म्हणाल्या, "कंस म्हंजी कुंपण हाय बाबा. कुंपण न्हाई म्हणून तर शेड गेलं."

बाईंचा आवाज मोठा. जन्मभर गिरणीच्या घरघरीवर बोलून तो तसाच चढून बसलाय. फोनवर बोलल्या तर समोरच्याला फोनची गरज नसते. शिक्षण सातवी. पण मोबाइल स्वतःचा स्वतः शिकल्या, आणि शिकवायला जो जो आला त्याला "मला येतंय" म्हणून हाकलून शिकल्या.

आता तुम्ही म्हणाल, एका बाकासाठी एवढं? बाकाचं सोडा. झुंबरबाईंची सून साधना अंबडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. संध्याकाळी ती परत येते तेव्हा बस फाटा ओलांडते आणि तिला पुढच्या ढाब्याजवळच्या थांब्यावर सोडते. तिथून ती हायवेच्या कडेकडेनं उलटी चालत येते. उसाचे ट्रक, वाळूचे हायवा, आणि आपल्या बापाचा रस्ता असल्यासारखे चालणारे ट्रॅक्टर. प्रत्येक ट्रक गेला की साधनाला धुळीची एक अंघोळ. सासू रोज दिवेलागणीला गिरणी बंद करून फाट्यावर येऊन उभी राहते आणि तिकडून डोक्यावर ओढणी घेतलेली आकृती दिसेपर्यंत कुणाशी धड बोलत नाही. बोलली तर भांडते. गावाला वाटतं, बाई रागीट आहे. बाई घाबरलेली असते. पण हे तिला तोंडावर सांगून बघा, म्हणजे कळेल.

तर यंदा जालन्याच्या एसटी कार्यालयात भार्गवी मॅडम नावाच्या नवीन साहेब आल्या. ऐकून घेणाऱ्या निघाल्या. झुंबरबाईंचं सगळं बोलणं ऐकलं, खिडकीची काच वाजेपर्यंत ऐकलं, आणि म्हणाल्या, "मावशी, गुरुवारी बैठक आहे. रस्त्याचे फोटो, गावाची माहिती, सगळं मला ईमेलनं पाठवा. फोटो जास्त असतील तर मेल परत येईल. कुठं एका ठिकाणी ठेवा आणि लिंक पाठवा. ती मी बैठकीतल्या सगळ्यांना पाठवते."

ठिकाण होतं. जिल्ह्यातल्या काही हौशी मंडळींनी 'गावविकी' नावाची साइट काढलेली. विकी म्हणजे काय, तर ज्याला वाटेल त्यानं पान उघडायचं आणि ज्याला वाटेल त्यानं ते दुरुस्त करायचं. आपली चावडीच, फक्त तिथं थुंकता येत नाही. झुंबरबाईंनी तिथं पान उघडलं. 'हिवरटाकळी' हे नाव आधीच गेलेलं होतं. ते कुणी घेतलं असेल हे सांगायला नको. त्या पानावर पहिलाच फोटो शेडाचा, आणि शेडात टोपी घालून सर्जेराव. झुंबरबाईंनी मोबाइलच्या काचेवर बोट असं दाबलं की काच वाचली हे नशीब. आपल्या पानाला त्यांनी नाव दिलं, 'हिवरटाकळी (आमची)'.

पान मात्र जोरदार झालं. हात करणाऱ्या बायका आणि न थांबणारी बस. पावसाळ्यातला फाटा. आणि साधना, पाठमोरी, हायवेच्या पांढऱ्या पट्टीवर, बाजूनं ट्रक. हा फोटो झुंबरबाईंनी स्वतः काढलेला. थोडा हललेला आहे.

पानाची लिंक उचलून मेलमध्ये टाकली, तर मराठी अक्षरांचं भलतंच काही झालं. साधना म्हणाली, "आत्याबाई, हे बघा, नावाच्या जागी नुसते टक्के आले."

खरंच. टक्के, आकडे, इंग्रजी अक्षरं, पुन्हा टक्के. चार ओळी.

"एवढे टक्के तर रस्त्याचा गुत्तेदारबी साहेबाला देत न्हाई," झुंबरबाई म्हणाल्या. "मराठीला असंच करत असतेत का?"

"करतेत. इंग्रजी साइटीला मराठी झेपत न्हाई, मंग ती असं मोडून लिव्हते. उघडतं पण."

उघडलं. साधनाच्या फोनवर बोट लावलं की पान समोर. पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी मॅडमचं उत्तर आलं. झुंबरबाईंनी गिरणी बंद केली, हात पुसले, आणि साधनाला मोठ्यानं वाचायला लावलं.

"'महोदया, आपण पाठविलेले पान पाहिले. आपल्या गावास थांबा व सुस्थितीतील निवारा शेड उपलब्ध असल्याचे छायाचित्रावरून दिसते. शेडमधील ज्येष्ठ नागरिक समाधानी दिसतात. करिता आपल्या मागणीचा विचार करण्याची आवश्यकता वाटत नाही.'"

झुंबरबाईंनी पुसलेले हात पुन्हा पुसले. मग झुंबरबाई म्हणाल्या, "समाधानी?"

"आत्याबाई, जरा पाणी..."

"समाधानी! बसू बसू शेंगा खाऊन राह्यला तो, समाधानी न्हाई तं काय रडंल!"

एक गोष्ट साधनाच्या ध्यानात आली. मॅडमना दुसरंच पान दिसतंय. लिंक दाबली की जाफराबादकडची हिवरटाकळी उघडतेय. पण का? आपल्याकडं तर बराबर उघडतं. आणि हे "आमच्याकडं तर उघडतंय" वाक्य जगात ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं, त्याला शोधून काढायला पाहिजे. निम्मे तंटे त्यानं लावलेत.

मग दोघींनी दुरुस्ती सुरू केली. साधना म्हणाली, लिंक चार ओळींची आहे, ओळ मोडते तिथं तुटत असेल. म्हणून अक्षरं बारीक करून पाठवली. उत्तर आलं, "शेड पुन्हा पाहिले." झुंबरबाई म्हणाल्या, रेंज कमी पडत असेल, मेल अर्ध्या रस्त्यात दम टाकत असेल, म्हणून गिरणीच्या पत्र्यावर चढून पाठवली. पत्रा वाजला, खालचं कुत्रं भुंकलं, मेल गेली. उत्तर तेच. तिसऱ्या वेळी विषयाच्या जागी त्यांनी लिहिलं, "नीट बघा." हे मॅडमना आवडलं नसावं, कारण उत्तरच आलं नाही.

"मॅडमला कुणी तरी सांगून ठिवलंय," झुंबरबाईंचा निकाल लागला. "त्यानंच. त्याचं पान मधी आडवं टाकलंय सर्जेरावनं."

"पान आडवं कसं टाकतील ते?"

"शेड कसं टाकलं? तसंच."

आणि इथं झुंबरबाईंना ती गोष्ट आठवली जी आठवायला नको होती. विकीवर कुणीही कुणाचंही पान दुरुस्त करू शकतं. साधना ड्यूटीवर गेली होती. झुंबरबाई सर्जेरावांच्या गावाच्या पानावर गेल्या, 'संपादन' दाबलं, आणि शेडाच्या फोटोखाली लिहिलं: 'हे शेड चोरीचं आहे. फोटोतला माणूस चोर आहे. शेंगाबी चोरीच्या असतील.' शेवटचं वाक्य पुरावा नसताना लिहिलं हे खरं, पण राग पुरावा मागत बसत नाही.

सर्जेरावांनी ते पुसलं नाही. पुसायचं कसं ते त्यांना येत नव्हतं. त्यांनी खाली भर घातली: 'वरच्या मजकुराशी गाव सहमत नाही. कळावे, गाव.'

झुंबरबाईंनी खाली लिहिलं: 'गाव खोटं बोलतंय.'

सर्जेराव: 'आक्का, तुमच्या गिरणीत पीठ जाड येतं असं ऐकलंय.'

हे फार लागलं. शेड गेलं ते गेलं, पण पीठ! झुंबरबाईंनी त्यावर जे लिहिलं ते इथं देत नाही; लहान मुलंही वाचतात. आणि नेमकं याच वेळी जालन्यात भार्गवी मॅडमनी, बिचारीनं, विषयात 'नीट बघा' लिहिलेली ती मेल उघडली, लिंक दाबली आणि खरोखर नीट बघितलं. त्यांचं उत्तर आलं:

'महोदया, पान पुन्हा पाहिले. आपण आपल्याच गावास चोर का म्हणत आहात आणि गाव आपल्याशी असहमत का आहे, याचा खुलासा करावा. फोटोतील नागरिकांचीही बाजू ऐकून घेणे योग्य होईल. त्यांनाही गुरुवारी बोलाविले आहे.'

संध्याकाळी सर्जेरावांचा फोन.

"आक्का, मला चोर लिव्हलं तुम्ही?"

"मंग काय साव लिव्हू?"

"सारा तालुका वाचून राह्यला. माझा जावई वाचून राह्यला! फोन करून म्हणतो, मामा, शेंगा तरी इकत घेत जा."

"बराबर बोलला जावई."

"येतो मी गुरुवारी जालन्याला. तोंडावर बोला मंग."

"या. टोपी घालून या, फोटोतल्यासारखी. वळखू येयाला पाहिजे."

गुरुवारी सकाळी सासू-सून निघाल्या. बस थांबत नाही म्हणून बस मागायला जायचं, तरी आधी बस धरायला चालतच जावं लागतं, ही गंमत झुंबरबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा पायांतून कळली. साधनासोबत हायवेच्या पांढऱ्या पट्टीवरून ढाब्यापर्यंत. पहिला ट्रक अंगाजवळून गेला तेव्हा झुंबरबाईंनी साधनाचा हात धरला. दुसरा गेला तेव्हा साधना म्हणाली, "आत्याबाई, हात सोडा, न्हाई तं दोघी एकदम जाऊ." झुंबरबाईंनी सोडला नाही. भांडल्यासुद्धा नाहीत. यावरून समजा काय ते.

कार्यालयात सर्जेराव आधीच येऊन बसलेले. टोपी होती. हातावर निळ्या रंगाचे ठिपके होते, कारण आदल्या दिवशी त्यांनी आपल्या खर्चानं शेडाला रंग दिला होता. चोर म्हणतात तर निदान चोरीचा माल नीट ठेवतो हे दिसावं, असा त्यांचा हिशेब असावा.

"बसा आक्का," ते म्हणाले. "हा बाक सरकारी हाय. दोघांचाबी."

झुंबरबाई उभ्याच राहिल्या. ही आता सवय झाली होती.

भार्गवी मॅडमनी दोघांकडं बघितलं, मग कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं फिरवला. "हे बघा मावशी, ही तुमची मेल. आणि ही मी लिंक दाबते." दाबली. नवंकोरं शेड, पांढरी टोपी, समाधानी चेहरा, आणि त्याखाली आख्खं भांडण.

"हे माझं पान न्हाई!" काचेची खिडकी पुन्हा वाजली. "माझ्या पानावर सून हाय माझी! ट्रक हायेत! मॅडम, ह्या माणसानं मधी काहीतरी केलं!"

"म्या?" सर्जेराव उठले. "मला पुसता येत न्हाई, मी काय करणार? दावा बरं ती मेल, कुठं केलं मी काय ते."

मॅडम मेलवर परत आल्या. सर्जेराव चष्मा लावून, नाक पडद्याला टेकवून टक्क्यांच्या त्या चार ओळी बघू लागले. काही कळत नव्हतं, पण हटायचंही नव्हतं. आणि मग त्यांचं बोट शेवटच्या ओळीच्या टोकाशी थांबलं.

"हे काय हाय? सगळं निळं, अन् शेपटाला काळं कसं?"

"कुठं काळं?"

"हे. कंस. काल दिवसभर निळा लावला म्या, एक खांब राह्यला तर डोळ्यात खुपतो. हे राह्यलं."

सगळे वाकले. खरंच. चार ओळी निळ्या, खाली रेघ ओढलेल्या. आणि अगदी शेवटचा, बंद करायचा कंस, तो मात्र काळा. बिनारेघेचा. लिंकच्या बाहेर पडलेला.

भार्गवी मॅडमनी कपाळाला हात लावला. मग कंसासकट सगळी ओळ उचलून वर पत्त्याच्या पट्टीत टाकली. पान उघडलं. 'हिवरटाकळी (आमची)'. हात करणाऱ्या बायका. पावसाळ्यातला फाटा. पांढऱ्या पट्टीवर पाठमोरी साधना आणि बाजूला ट्रक. मॅडमनी फोटोकडं बघितलं, मग समोर उभ्या असलेल्या साधनाकडं. तीच ओढणी होती. धूळही सकाळचीच.

"असं रोज?"

"रोज," साधना म्हणाली. "रविवार सोडून."

सर्जेरावांनी परत बाकावर बसून टोपी काढून मांडीवर घेतली.

मॅडमनी मग मेल परत उघडून समजावून सांगितलं, आणि ते तुम्हीही ऐका, उपयोगी पडेल. मेलचा प्रोग्राम मजकुरातून लिंक ओळखतो तो अंदाजानं. कुठं सुरू झाली ते त्याला कळतं, कुठं संपली याचा तो अदमास करतो. शेवटी कंस किंवा टिंब दिसलं की त्याला वाटतं, हे लिहिणाऱ्याचं आहे, लिंकचं नाही, टाकतो बाहेर. एखादा प्रोग्राम हुशार असतो, तो टाकत नाही, म्हणून साधनाच्या फोनवर उघडायचं. मॅडमचा टाकायचा. आणि गावविकीची आपली एक खोड: पुरं नाव जुळलं नाही तर 'सापडलं नाही' असं सरळ न सांगता ती त्यातल्या त्यात जवळचं पान पुढं करते. 'हिवरटाकळी (आमची' असं अर्धवट नाव गेलं, की हजर सर्जेराव.

म्हणजे कुणी काही केलं नव्हतं. शेड गेलं म्हणून झुंबरबाईंनी कुंपण घातलं, आणि त्याच कुंपणाचं फाटक तुटून पडलं होतं.

"सोपं आहे मावशी," मॅडम म्हणाल्या. "पानाच्या नावातला कंस काढून टाका. आता बैठक सुरू होईल. सगळे आपापल्या जागी हीच लिंक दाबणार. सगळ्यांकडं माझ्यासारखाच प्रोग्राम आहे."

"कंस जाणार न्हाई."

"अहो पण..."

"कंस न्हवता तव्हा शेड गेलं. आता कंस काढला तर हा थांबाबी ह्यांच्या दारात उगवंल. हिवरटाकळी लिव्हलं की ह्यांचीच. इतके वर्स झाले, मी कंस सोडला न्हाई, अन् आता एका मशिनीला दिसत न्हाई म्हणून सोडू?"

"आक्का, मला दोन थांबे कशाला लागतेत?" सर्जेराव म्हणाले. "मला एकच बूड हाय."

"तुम्ही बोलू नका!"

मॅडमनी घड्याळ बघितलं. बाहेर बैठकीच्या खोलीत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. झुंबरबाईंची मान ताठ. या बाईला ओळखणारा गावातला कुणीही सांगेल: आता बैठक जाईल, थांबा जाईल, पण मान जाणार नाही.

तेव्हा साधना हळूच म्हणाली, "आत्याबाई, कंसात तुमचा जीव हाय, कबूल. पण मी कंसात चालत न्हाई. मी रस्त्यानं चालते."

बस. एवढंच. आवाज चढवला नाही तिनं. तो घरात एकाच्याच वाट्याला आलाय.

झुंबरबाई पहिल्यांदाच बाकावर बसल्या. सर्जेरावांच्या शेजारी, मध्ये टोपीएवढी जागा सोडून. पडद्यावरच्या त्या काळ्या कंसाकडं बघत राहिल्या. सगळ्यात मागं, लटकलेला. आणि एकदम म्हणाल्या,

"ह्याला मागं कुणी उभं केलं?"

"तुम्हीच," साधना म्हणाली.

"तेच तर. काळीपिवळीत मागच्या पायरीवर लटकलेला माणूस असाच पडतो वळणावर, ड्रायव्हरला पत्ता न्हाई. मी गेल्ते ना ह्यांच्या गावाला तशी, मला ठावं हाय. मॅडम, कंस काढू नका. त्याला म्होरं घ्या. ड्रायव्हरच्या शेजारी बसवा."

"म्हणजे?"

"म्हंजी 'आमची' आधी. कंसासकट. मंग हिवरटाकळी."

मॅडमनी पानाचं नाव बदललं: '(आमची) हिवरटाकळी'. नवी लिंक मेलमध्ये टाकली. पुन्हा चार ओळी टक्के, पण आता कंस मधे सुखरूप, आणि शेवटचं टोक निळंशार. सर्जेरावांनी चष्मा लावून तपासलं. "राह्यलं न्हाई कुठं," ते म्हणाले. मॅडमनी दाबलं. साधना, पांढरी पट्टी, ट्रक. मॅडमनी ती मेल सगळ्यांना पाठवली आणि बैठकीच्या खोलीत गेल्या.

बाहेर तिघं बसून राहिले. बऱ्याच वेळानं सर्जेरावांनी खिशातून शेंगा काढल्या आणि मधल्या जागेत ठेवल्या.

"इकतच्या हायेत," ते म्हणाले. "जावयाची आन."

झुंबरबाईंनी एक उचलली, फोडली, खाल्ली. "खवट हाय," म्हणाल्या, आणि दुसरी उचलली.

"आक्का, पिठाचं मी उगं लिव्हलं."

"ठावं हाय. माझ्या पिठाला कोण नावं ठिवील."

"चोर लिव्हलेलं तेवढं पुसता का?"

"बघू. आधी थांबा येऊ द्या."

थांबा आला. पण पुरता नाही. सरकारी काम, एकदम पुरतं देत नाहीत. सहा महिन्यांच्या बोलीवर आला. विनंती थांबा. तेवढ्या दिवसांत माणसं चढली-उतरली तर कायम, नाहीतर खांब उपटून नेणार. खांबावर पाटी रंगवायला जो पेंटर आला त्याला कुणीतरी पानाचं नाव जसंच्या तसं दिलं, आणि त्यानं ते जसंच्या तसं रंगवलं. जिल्ह्यात असा दुसरा थांबा नाही: '(आमची) हिवरटाकळी'. ड्रायव्हर लोक हसतात. हसायला का होईना, ब्रेक दाबतात.

शेड काही परत मिळालं नाही. सर्जेराव म्हणाले, "शेड देणार न्हाई, त्यात आता चिमण्यांनी घरटी केली. पण रंग उरलाय." आणि जाफराबाद, जालना, अंबड असा हाती हाती फिरत निळ्या रंगाचा अर्धा डबा खरंच फाट्यावर पोचला. झुंबरबाईंनी खांब स्वतः रंगवला. वरपासून खालपर्यंत, दोनदा, आणि कुठं काळं राहिलं नाही ना हे चष्मा लावून बघितलं. त्याच दिवशी गावविकीवरचा 'चोर' गेला. 'शेंगाबी' मात्र राहू दिल्या. गावविकीवर आता 'हिवरटाकळी (खरी)' नावाचंही एक पान आलंय. ते मेलमधून उघडत नाही. झुंबरबाईंना कारण माहीत आहे, त्या सर्जेरावांना सांगत नाहीत.

साधना आता फाट्यावर उतरते. सासू तरीही दिवेलागणीला तिथं जाऊन उभी राहते, आता खांबाला टेकून, आणि बस दिसली की हात करते. ड्रायव्हर थांबतो. तो थांबला की मागं वळून गावाकडं असं बघते, जणू बस तिनंच बनवली.

पण गाव लहान आहे. रोज चढणारी-उतरणारी माणसं मोजकी, आणि सहा महिने काही थांबून राहत नाहीत. झुंबरबाई आपल्या परीनं भर घालतात. कारण नसताना शहागडला जातात, गोदावरी बघतात, परत येऊन फाट्यावर उतरतात. एकट्या बाईनं किती वेळा नदी बघायची?

तेव्हा तुम्ही अंबडहून शहागडकडं निघालात, किंवा तिकडून इकडं, तर एकदा आमच्यासाठी तिकीट काढा आणि त्या निळ्या खांबाशी उतरा. कंडक्टर विचारील, कोणती हिवरटाकळी. त्याला कंसासकट सांगा, आणि कंस आधी सांगा.